छायाचित्रण प्रश्नोत्तरे: एका चौकटीत चार प्रकाश

प्रश्न: त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावरील दीपोत्सवाची छायाचित्रे मी ट्रायपॉड लावून रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, टिपली आहेत. एकाच चौकटीत पणत्या, सोडियमचे पिवळे दिवे, पांढरे एलईडी आणि उजाडू लागलेले आभाळ आले आहे. लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आभाळाचा रंग जुळवला की घाट नारिंगी होतो आणि घाट जुळवला की आभाळ शाईसारखे निळे दिसते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे ते पांढरेच दिसावे यासाठीचे रंगांचे संतुलन, नेमका किती ठेवावा?

उत्तर: या चौकटीला पुरेल असा एकच आकडा मिळणार नाही. प्रकाशाचा रंग रंगतापमानाच्या केल्विन या एककात मोजतात; आकडा लहान तितका प्रकाश तांबूस, मोठा तितका निळसर. पणतीच्या ज्योतीचे रंगतापमान सुमारे १९०० केल्विन असते, सोडियमच्या दिव्याचे त्याहून थोडेच अधिक, पांढऱ्या एलईडीचे साधारण ४००० ते ६५००, तर सूर्योदयापूर्वीच्या निळ्या आभाळाचे १०,००० च्याही पुढे जाते. तेव्हा संपूर्ण चित्रासाठी ४००० च्या आसपासचा मधला आकडा ठेवावा आणि उरलेले काम मास्क लावून (म्हणजे बदल ठरावीक भागापुरताच मर्यादित ठेवून), भागाभागाने करावे.

मात्र प्रत्येक प्रकाश पांढरा करून घेण्याचा अट्टहास नसावा. पणतीचा उजेड तांबूस आणि पहाटेचे आभाळ निळसर असणे पाहणाऱ्याला खटकत नाही. किंबहुना त्यासाठीच आपण एवढ्या पहाटे घाटावर गेला असाल. खटकतात ते सोडियम आणि एलईडी. सोडियमच्या प्रकाशात निळा रंग फारच थोडा असल्यामुळे त्याखालची भिंत टेम्परेचरचा स्लाइडर निळ्याकडे ओढून मूळ रंगावर येत नाही, उलट ती मळकट राखाडी होते आणि सावल्यांत निळे कण उठतात. तेथे ब्रशने मास्क करून संपृक्तता (रंगाची तीव्रता) आणि उजळपणा थोडा उतरवणे अधिक बरे. एलईडीच्या उजेडाला हिरवट झाक असेल, तर त्या भागापुरता टिंटचा स्लाइडर किंचित मॅजेन्टाकडे (जांभळट गुलाबीकडे) न्यावा.

खरी कसोटी पाण्याची आहे, आणि बहुतेकांचे तिकडेच दुर्लक्ष होते. आभाळाचा निळेपणा ग्रेडियंटने (हळूहळू विरत जाणाऱ्या मास्कने) कमी केला, पण नदीतले त्याचे प्रतिबिंब तसेच राहिले, तर पाहणाऱ्याला नेमके कारण सांगता आले नाही तरी चित्र बनावट वाटते. म्हणून आभाळाला जो बदल केला, तोच पाण्यातल्या आभाळालाही करावा. घाटावरच्या दिव्यांच्या पाण्यात पडलेल्या पिवळ्या पट्ट्यांसाठी रंगानुसार निवड करणारा मास्क वापरावा, आणि प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा उजळ होणार नाही एवढे पाहावे. मंदिराच्या शिखराभोवती मास्कची कड फिकट रेघेसारखी उरते. ती चित्र पडद्यावर शंभर टक्के मोठे केल्याशिवाय दिसत नाही, छापल्यावर मात्र लगेच दिसते.

ज्योतीचा गाभा पांढरा पडला असेल तर तो तसाच राहू द्यावा. हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग) फार खाली ओढल्यास तेथे निर्जीव करडा ठिपका उरतो.

प्रश्न: माझ्याकडे फक्त मोबाइलवर काढलेली जेपेग छायाचित्रे आहेत. त्यांवर हे सर्व करता येईल का?

उत्तर: थोडेफारच. जेपेगमध्ये व्हाइट बॅलन्स आधीच चित्रात मुरलेला असतो आणि प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या मिळतात, त्यामुळे रंग फार ओढला की आभाळात पट्टे उमटतात. टेम्परेचरचे बदल अगदी लहान ठेवावेत आणि पिवळा व नारिंगी रंग स्वतंत्रपणे उतरवावेत. पुढच्या वेळी फोनच्या प्रो मोडमध्ये रॉची सोय असल्यास ती जरूर वापरावी. ती नसली तरी व्हाइट बॅलन्स ऑटोवर न सोडता एका केल्विन आकड्यावर बांधून ठेवावा, म्हणजे निदान सर्व चौकटींचा रंग एकसारखा येईल आणि एका चित्रावर केलेले बदल इतरांवरही जसेच्या तसे वापरता येतील.