पंचांगातला शनी आणि गच्चीवरचा शनी

मागच्या वेळी ग्रहांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, असं लिहिलं आणि प्रश्नांचा ढीग पडला. त्यातले निम्मे पत्रिकेचे निघाले. ते बाजूला ठेवलेत. पत्रिका बघणारे साताऱ्यात पुष्कळ आहेत, मी आपला दुर्बीण बघणारा माणूस. तरी उरलेल्या प्रश्नांतही पंचांग डोकावतंच, आणि त्याला माझी काही हरकत नाही.

दर ऑगस्टला व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो की २७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार. आम्ही घरातले सगळे रात्री साडेबारापर्यंत गच्चीवर बसलो, पण ढग होते. खरंच दिसला असता का? आणि मंगळ लाल का असतो? (कोरेगाव)

ढगांनी तुमची अब्रू राखली म्हणायची. हा मेसेज मूळचा २००३ सालचा. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीपासून ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, आणि इतका जवळ तो हजारो वर्षांत आला नव्हता. तेव्हा कुणीतरी नीट लिहिलं होतं की दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून पाहिलात तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. पुढे ढकलता ढकलता दुर्बीण गळाली, ७५ गळाले, शेवटी सालही गळालं. उरला चंद्राएवढा मंगळ. तो चंद्राएवढा दिसायचा तर साडेसात लाख किलोमीटरवर यायला हवा, आणि तसं झालं तर मेसेज पाठवायला आपण शुद्धीवर नसू. मंगळ आपल्या जवळ येतो तो साधारण २६ महिन्यांनी. त्यामुळे 'दर ऑगस्ट' हे शब्द दिसले की मेसेज तिथेच पुसून टाका.

लाल रंगाचं उत्तर तुमच्या पायाखाली आहे. कासच्या पठारावर फुलं बघायला जाता तेव्हा एकदा खाली बघा. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा, पण वरचा थर जांभ्याचा आणि लाल. बेसॉल्टमधल्या लोखंडाला गंज चढला की हा रंग येतो. मंगळाचा खडकही बराचसा बेसॉल्टच, आणि त्याची लाल धूळ म्हणजेही लोखंडाचा गंज. फरक असा की आपल्याकडे जांभा तयार झाला तो लाखो पावसाळ्यांनी, आणि मंगळावर आज हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, पाऊस पडायची सोयच नाही. तिथली सूर्यास्ताची छायाचित्रं मिळाली तर जरूर बघा. आपलं आकाश निळं आणि मावळतीला तांबडं. तिथे दिवसा आकाश तांबूस आणि मावळत्या सूर्याभोवती निळसर झाक.

कन्यागत पर्वकाळ बारा वर्षांनी येतो असं लहानपणापासून ऐकतोय. गुरूला फेरी मारायला बरोबर बारा वर्षं लागतात का? आणि तो वक्री होतो म्हणजे काय, उलटा फिरतो? (वाई)

हा प्रश्न वाईहूनच यायला हवा होता. गुरूची एक फेरी ११.८६ वर्षांची, म्हणजे अकरा वर्षं आणि दहा महिन्यांच्या किंचित वर. राशी बारा, म्हणून एकेका राशीत त्याचा मुक्काम साधारण वर्षभर. तो कन्येत आला की कृष्णाकाठी पर्व, सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ. वाईच्या घाटांवर २०१६ च्या ऑगस्टमध्ये गर्दी झाली ती याच हिशेबानं, आणि पुढचं कन्यागत २०२८ मध्ये. दुर्बीण नव्हती तेव्हा आपल्या लोकांनी नुसत्या डोळ्यांनी हे चक्र हेरलं आणि त्याला यात्रा जोडली, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

पण बारा आणि ११.८६ यांत पन्नासएक दिवसांचा फरक राहतो. तो साठत जातो. सात-आठ फेऱ्यांत अख्खं वर्ष भरतं आणि मग एखादं पर्व अकराव्या वर्षीच येतं. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ ला झाला तो त्यामुळेच. लोकांना वाटलं काहीतरी चुकलं. गुरूचं गणित मात्र चोख होतं.

वक्रीचं म्हणाल तर एसटीत बसून हायवेनं जा. पुढे उसाची ट्रॉली चाललीय. तीही पुढेच जातेय, पण एसटी तिच्या बाजूनं पुढे निघते तेव्हा लांबच्या झाडांच्या मानानं ट्रॉली मागे सरकल्यासारखी दिसते. पृथ्वी ही एसटी, गुरू ही ट्रॉली. साधारण दर तेरा महिन्यांनी आपण त्याला आतल्या बाजूनं ओलांडतो, आणि तेव्हा चारेक महिने तो ताऱ्यांच्या मानानं उलटा सरकतो. गुरू कधीच मागे फिरत नाही. तो स्वतःभोवतीसुद्धा दहा तासांच्या आत गिरकी घेतो, इतक्या जोरात की मध्यावर फुगलाय. चांगल्या दुर्बिणीत तो थोडा चेपलेला दिसतो, तेव्हा दुर्बीण बिघडली असं समजू नका. बाकी सातही ग्रह तराजूच्या एका पारड्यात घातले तरी गुरूचं पारडं अडीच पट जड.

सर, मला साडेसाती चालू आहे. शनी दुर्बिणीतून बघितला तर चालतो का? (नाव देत नाही)

चालतो. उलट ज्याला साडेसाती आहे त्यानं तर आधी बघावा, निदान कोण छळतोय ते कळेल!

हिशेब सांगतो. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. भागिले बारा केलं की एका राशीत अडीच वर्षं. आपल्या राशीच्या आधीची, आपली आणि पुढची अशा तीन राशी म्हणजे साडेसात. बोलीत आपण गोळाबेरीज करतो, नेमकं करायचं तर सात वर्षं आणि साडेचार महिने. म्हणजे दीडेक महिन्याची सूट आहे.

२०१८ च्या मे महिन्यात, पावसाच्या आधी, आमच्या गच्चीवर शेजारच्या आजींना शनी दाखवला होता. रात्रीचे अकरा वाजून गेलेले, कडी तेव्हा छान उघडलेली होती. आजी पदर सावरून वाकल्या, एक डोळा हातानं झाकला, आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मास्तर, आत चित्र चिकटवलंय व्हय?" मी म्हटलं, नाही हो आजी. त्यांनी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडात डोकावून खात्री केली. परत बघायला लागल्या तर शनी निसटलेला. "पळतोय की ह्यो!" शंभर पट मोठं करून बघताना तो दीड-दोन मिनिटांत चौकटीबाहेर जातो, आणि पळत असतो तो शनी नव्हे, पळत असते आमची गच्ची, आजींसकट, पूर्वेकडे. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी कठडा धरला.

ती कडी म्हणजे बर्फाचे असंख्य तुकडे, धुळीपासून घराएवढ्या आकारापर्यंत. या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर रुंद, आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहाएक मीटर. इतकं पातळ म्हणूनच २०२५ च्या मार्चमध्ये ती आपल्याकडे कड करून आली तेव्हा दिसेनाशी झाली. आता वर्षागणिक पुन्हा उघडत चाललीत, २०३२ च्या सुमारास पूर्ण उघडतील. ज्यांची साडेसाती २०२५ ला सुरू झाली त्यांनी सरतेशेवटी काय बघायला मिळणार आहे ते लक्षात ठेवावं.

बुध सूर्याच्या सगळ्यात जवळ आहे, मग शुक्र जास्त गरम कसा? (इयत्ता सातवी, कराड)

शाब्बास. बुधाला पांघरूण नाही. दिवसा ४३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि रात्री सगळी ऊब उडून जाऊन उणे १८० पर्यंत गारठतो. शुक्राला कार्बन डायऑक्साइडची जाडजूड गोधडी आहे. ऊन आत येतं, उष्णता बाहेर पडत नाही. पाचगणीच्या बाजूला ढोबळी मिरचीचं पॉलिहाऊस असेल तर भर दुपारी त्यात शिरून बघ, अंदाज येईल. शुक्रावर रात्रंदिवस, ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत, सगळीकडे ४६० अंशांच्या आसपास. शिसं ३२७ अंशांना वितळतं.

दाबाचं सांगतो, कारण कराडच्या पोराला ते लगेच समजेल. कोयना धरणाची भिंत १०३ मीटर उंच. अशा नऊ भिंती एकावर एक रचून पाणी भरलं, तर त्या पाण्याच्या तळाशी जेवढा दाब तेवढा शुक्राच्या जमिनीवर नुसत्या हवेचा. रशियाचं व्हेनेरा १३ हे यान १ मार्च १९८२ ला तिथे उतरलं. अर्धा तास टिकलं तरी पुरे, अशी तयारी होती. ते १२७ मिनिटं टिकलं आणि रंगीत फोटो पाठवून गप्प झालं. संध्याकाळी इतकी सुंदर दिसणारी शुक्राची चांदणी ती हीच. शिवाय शुक्र उलटा आणि इतका सावकाश फिरतो की स्वतःभोवतीच्या एका फेरीला २४३ दिवस लागतात, सूर्याभोवतीच्या फेरीला २२५. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. ढगांमुळे दिसणार मात्र नाही.

मुलाला विज्ञान प्रदर्शनासाठी सूर्यमालेचं मॉडेल करायचंय. थर्मोकोलचे गोळे किती आकाराचे घेऊ? (सातारा, सदर बझार)

थर्मोकोल नको, ताई. परीक्षक म्हणून अशी शंभर मॉडेलं बघितलीत. तारेवर टोचलेले नऊ गोळे (प्लूटोला २४ ऑगस्ट २००६ लाच यादीतून काढला, तरी तो शेवटी टोचलेला असतोच), सगळे शेजारी शेजारी, आणि गुरू सूर्याच्या निम्मा. त्यातून मुलांच्या डोक्यात जे बसतं ते निघत नाही.

किराणा घ्या आणि मुलाला घेऊन चालायला निघा. पोवई नाक्यावर बैलगाडीच्या चाकाएवढा, १.४ मीटरचा सूर्य ठेवलाय असं समजा. एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर. वरच्या रस्त्यानं राजवाड्याकडे निघालात की ५८ मीटरवर काळी मिरी, हा बुध. १०८ वर टपोरा काबुली चणा, शुक्र. दीडशेवर दुसरा तसाच चणा, ही आपली पृथ्वी. तिच्यापासून दीड वितीहून थोडं लांब ज्वारीचा दाणा, चंद्र. माणूस आजवर तेवढाच लांब गेलाय. २२८ मीटरवर वाळका वाटाणा, मंगळ. मग खूप वेळ काहीच नाही. ७७८ मीटरवर सोललेला नारळ, गुरू. एक किलोमीटर ४३० मीटरवर मोठं बेलफळ, शनी. दोन लिंबं खिशात राहिलीत. पहिलं २.९ किलोमीटरवर, युरेनस. दुसरं, नेपच्यून, साडेचार किलोमीटरवर, म्हणजे तुम्ही यवतेश्वरच्या घाटात कुठेतरी दम खात उभे असाल. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा याच मापानं ठेवायचा तर? ४० हजार किलोमीटर. म्हणजे पृथ्वीला पूर्ण वळसा घालून परत पोवई नाका. प्रदर्शनात फोटो आणि सामानाची यादी लावा. नंबर नाही आला तरी चालेल.

नेपच्यूनवर खूप वारे असतात म्हणे? (पाटण)

ताशी दोन हजार किलोमीटरपर्यंत. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या ताशी नव्वदच्या पुढे वारा गेला की सहसा स्वतःला बंद करून घेतात. यावरून काय ते समजा. नेपच्यून सापडला २३ सप्टेंबर १८४६ ला, तेव्हा साताऱ्याची गादी अजून खालसा व्हायची होती. ताऱ्यांमधल्या त्याच जागी तो परत आला २०११ मध्ये. त्याचं एक वर्ष आपल्या १६५ वर्षांचं.

माझ्या मुलाचं नाव हर्षल. पंचांगातही हर्षल ग्रह आहे. हा कोणता देव? (फलटण)

देव नाही, साहेब. विल्यम हर्शेल. इंग्लंडमध्ये राहणारा जर्मन वादक, आरसे स्वतः घासून दुर्बिणी करायचा. १३ मार्च १७८१ ला त्यानं जो ग्रह शोधला त्याला जग युरेनस म्हणतं, आपल्या पंचांगानं मात्र शोधणाऱ्याचंच नाव मराठी करून घेतलं. ग्रह आडवा लोळत फिरतो, अक्ष ९८ अंशांनी कललेला. मुलगाही लोळत असेल तर ग्रहाला दोष देऊ नका.

दहा-बारा हजारांत कोणती दुर्बीण घ्यावी? (तीन-चार जणांनी विचारलंय)

आधी १० बाय ५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री घ्या. कठड्यावर कोपर टेकून गुरूकडे रोखलीत की त्याचे चार चंद्र दिसतात, १६१० मध्ये गॅलिलिओनं पाहिले तेच. रोज रात्री जागा बदललेली सापडते. शनीची कडी तिच्यात दिसणार नाहीत, त्याला निदान तीस पट हवं.

खोक्यावर '६७५ पट' लिहिलेली दुर्बीण घेऊ नका. मी घेतली होती, हौसेनं. खोक्यावर रंगीबेरंगी तेजोमेघ, आत साठ मिलिमीटरचं भिंग. भिंगाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, एवढीच पट धडपणे मिळते, म्हणजे एकशेवीस. वर तिपाई अशी की खालून ट्रक गेला तरी गुरू नाचायचा. पैसे साठवून सहा इंची आरशाची डॉबसोनियन (साध्या, फिरत्या बैठकीवर बसवलेली आरशाची दुर्बीण) घ्या. ग्रह बघायला कासला जायचीही गरज नाही, ते काम तारकापुंजांचं. गावातली गच्ची पुरते.

आणि जून ते सप्टेंबर ती कपाटात नुसती ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या महिन्याला बदला. माझी ती साठ मिलिमीटरची एका पावसाळ्यात महाबळेश्वरला राहिली होती. भिंगावर चढलेली बुरशी अजून तशीच आहे, आणि तिच्यातून प्रत्येक ग्रहाला कडी दिसतात.