26 नोव्हेंबरला लग्न ठरवावं का?

दादरचा हॉल 26 नोव्हेंबरलाच मिळतोय, मुहूर्तही आहे, पण होणाऱ्या सासूबाईंचा भाऊ 2008 च्या त्या रात्री सीएसटीवरच्या हल्ल्यात गेला, तर ही तारीख घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे. हा निर्णय सासूबाईंवर सोडा, आणि त्या नको म्हणाल्या तर डिपॉझिट बुडालं तरी दुसरी तारीख बघा.

नुसती मुंबईच्या दुःखाची तारीख म्हणून कुणी अडवत असतं, तर मी म्हटलं असतं, खुशाल करा. 12 मार्च, 11 जुलै, 26 जुलै, 26 नोव्हेंबर; या शहरात अशा तारखांनाही बारशी आणि साखरपुडे होतातच. घरचं माणूस गेलेलं असतं तेव्हा मात्र तो दिवस त्या घराचा होतो.

माझं लग्न 12 मार्चचं. 1993 च्या बॉम्बस्फोटांत माझ्या आत्याचे यजमान वरळीला सेंच्युरी बाजारपाशी गेले. तारीख धरण्याआधी बाबांनी तिला एकटीला विचारलं. ती लगेच काही बोलली नाही. मग एका संध्याकाळी स्वतःच फोन करून म्हणाली, "करा, पण दुपार माझी राहू दे." स्फोट दुपारी दीडपासून पुढे दोनेक तास होत राहिले होते. आम्ही गोरज मुहूर्त धरला. दुपारभर ती घरी राहिली, संध्याकाळी आली आणि माझी ओटीही तिनेच भरली. अजूनही 12 मार्चला दुपारी आम्ही दोघं तिच्याकडे जेवायला असतो, आणि लग्नाचा वाढदिवस संध्याकाळी. तिने अट घातली म्हणूनच मला तिचा होकार खरा वाटला.

नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हणेल की श्राद्ध तिथीने होतं, तारखेचं काय एवढं? पंचांगाप्रमाणे ते बरोबरच आहे. 2008 साली ती रात्र कार्तिक अमावास्येच्या तोंडावर होती, आणि पुढच्याच वर्षी ती अमावास्या 16 नोव्हेंबरला येऊन गेली. पण टीव्हीवर सीएसटीची ती दृश्यं तारखेलाच दाखवतात, आणि बहिणीला ती दरवर्षी दिसतात. लग्नाचा वाढदिवसही तारखेनेच येणार, म्हणून पुढच्या वर्षांचंही आत्ताच बोलून घ्या.

विचारायचं काम मुलाने करावं, घरात पाहुणे नसताना, आणि हॉलचा विषय न काढता. "मामाला आनंदच झाला असता" हे वाक्य तुमच्यापैकी कुणीही उच्चारू नका. ते म्हणायचा हक्क फक्त त्यांचा आहे. त्या गप्प राहिल्या तर तो होकार धरू नका, थोडे दिवस जाऊ द्या.

आणखी एक, जे तारखेच्या वादात राहून जाईल. मंगलाष्टकांच्या वेळी नवऱ्या मुलाच्या पाठीशी त्याचा मामा उभा राहतो. तुम्ही मे महिन्यातला मुहूर्त धरलात तरी सासूबाईंना ती जागा रिकामी दिसणारच आहे. तिथे कोणी उभं राहायचं, हे पत्रिका छापायला देण्याआधी त्यांनाच विचारा.