त्वचेचा सल्ला : खूण शांत झाली आहे का?

या महिन्यात खुणा, व्रण आणि चट्ट्यांबद्दल बरीच पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ‘घालवता येईल का?’ पण त्याआधी मला एक गोष्ट समजून घ्यावी लागते. ती खूण अजून वाढते आहे, खाजते आहे, लाल आहे, की स्थिरावली आहे? उपचार यावरच ठरतात.

प्रश्न : ताई, आईचं वय 54. डोक्याच्या मध्यभागी, भांगाच्या मागे, रुपयाएवढी जागा विरळ झाली होती. ती वर्षभरात वाढत जाऊन आता लिंबाएवढी झाली आहे. कडेला खाज येते, जळजळतं. सगळे ‘चाई आहे’ म्हणाले. शेजारच्या मावशींच्या सांगण्यावरून लसूण चोळला, तर कातडी सोलवटली. केसांच्या रोपणाची जाहिरात करणाऱ्या एका ठिकाणी ‘लगेच रोपण करू’ असं सांगताहेत. करावं का?
*— दांडिया बाजार, वडोदरा*

उत्तर : आत्ता नाही. लसूणही आजच बंद करा. तो त्वचेला भाजतो आणि भाजलेल्या जागी नवा व्रण तयार होतो.

पत्रावरून मी निदान करणार नाही, पण वर्णन वाचून काळजी वाटली. चाईत सहसा खाज-जळजळ फारशी नसते. जागा गुळगुळीत असली तरी केस उगवायची छिद्रं तिथे शाबूत असतात. आईला उन्हात गच्चीवर बसवा आणि मोबाइलने त्या जागेचा जवळून फोटो काढा. बारीक टिंबं दिसली तर बरं. टिंबंच नसतील, कातडी चकचकीत आणि ताणल्यासारखी असेल आणि कडेच्या केसांच्या बुडाशी लालसरपणा व पांढरट खपली असेल, तर ती व्रण सोडणारी केसगळती असू शकते.

दोन्हींतला फरक असा. केसाच्या मुळाशी, अगदी खाली जो कंद असतो, त्याच्याभोवती चाईत दाह होतो. केस गळतो, पण नवा केस घडवणाऱ्या मूळपेशी त्याहून वर, तैलग्रंथीच्या जवळ असतात, आणि त्या वाचतात. म्हणून चाईत केस पुन्हा येऊ शकतात. व्रण सोडणाऱ्या प्रकारांत दाह नेमका त्या वरच्या भागावर असतो. हळदीचं पीक कापलं तरी गड्डे जमिनीत असले की पुन्हा फुटतं, गड्डेच करपले तर फुटत नाही, तसंच हे. म्हणूनच इथे वाया गेलेला प्रत्येक महिना मला बोचतो.

तुमच्या आईच्या वयाच्या स्त्रियांमध्ये व्रण सोडणाऱ्या केसगळतीत लाइकेन प्लॅनोपायलॅरिस हा केसांच्या मुळांना दाह करणारा आजार बऱ्याचदा दिसतो. दुसरी शक्यता डिस्कॉइड लुपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते त्या आजाराची. त्यासाठी मी डोक्याबरोबर चेहरा पाहते आणि कानाच्या आतला खळगाही पाहते, कारण तिथे चट्टे बऱ्याचदा सापडतात आणि बऱ्याच वेळा तो खळगा कुणी बघतच नाही. लुपसचा संशय असला तर रक्त आणि लघवीच्याही तपासण्या करतो.

तपासणीची सुरुवात डर्मोस्कोपने होते. ते डोक्यावर टेकवायचं छोटं भिंग आहे, दुखत नाही. त्यानंतर बायॉप्सी. हा शब्द ऐकला की घरातले घाबरतात. सुन्न करून 4 मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका पडतो, आई चालत घरी येते. एक आग्रह मात्र जरूर धरा. तुकडा टक्कल पडलेल्या मधल्या भागातून नको, जिथे केस आहेत आणि लाली आहे त्या कडेवरून हवा. मधून घेतला तर अहवालात ‘व्रण आहे’ एवढंच येतं आणि तो कशाने झाला हे कळत नाही.

उपचार निदानावर ठरतील. लाइकेन असेल तर कडेवर जोरकस स्टिरॉइडचं लोशन, कडेच्या आत स्टिरॉइडची छोटी इंजेक्शनं, पोटात डॉक्सीसायक्लिन किंवा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. ही शेवटची गोळी वजनावर मोजून देतात, रोज दर किलोला 5 मिलिग्रॅमच्या वर नाही. सुरू करताना डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. औषध 5 वर्षांच्या पुढे चाललं तर दरवर्षी तपासायचा, काही धोके असतील तर त्याआधीपासूनच.

आईला आधी एक गोष्ट नीट समजावून सांगा. या उपचारांचा हेतू आहे तो पसरणं थांबवणं. गेलेले केस परत येतील असं वचन मी कुणाला देत नाही. रोग किमान वर्षभर, शक्यतो दोन वर्षं, शांत राहिला तर रोपणाचा विचार करता येतो. दाह चालू असताना रोपण केलं तर लावलेले केसही तोच रोग खातो, आणि पैसा जातो तो वेगळाच. खर्चाची अडचण असेल तर सयाजी हॉस्पिटलच्या त्वचा विभागात जा. ते सरकारी आहे आणि मेडिकल कॉलेजशी जोडलेलं आहे. अशा आजारांची तपासणी तिथे होते.

प्रश्न : उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, स्कूटरवरून येताना मांजा गळ्याला कापला. टाके पडले. आता चौथा महिना आहे. रेघ लाल आहे, दोरीसारखी उचलली आहे आणि खाजते. आई म्हणते खोबरेल चोळ, मित्र म्हणतात लेझर कर. वय 23.
*— रावपुरा, वडोदरा*

उत्तर : दादा, जीव वाचला ही मोठी गोष्ट. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत आमच्याकडे असे गळे, नाकं आणि बोटं येतातच. पुढच्या वर्षी पतंगांच्या त्या दिवसांत गळ्याला जाड रुमाल गुंडाळल्याशिवाय दुचाकी काढू नका.

चौथ्या महिन्यात लाल आणि उचललेली रेघ दिसली म्हणून घाबरू नका. जखम भरल्यावर शरीर तिथे कोलॅजनचे, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे, तंतू घालतं आणि मग ते तंतू हळूहळू नीट लावत राहतं. हे काम साधारण 12 ते 18 महिने चालतं. मला जाणून घ्यायचं आहे ते हे, की उंचवटा मूळ जखमेच्या रेघेतच आहे की बाजूच्या चांगल्या कातडीवर सरकतो आहे? रेघेतच असेल तर तो बहुधा पुढे आपणहून बसत जातो. बाहेर सरकत असेल तर कीलॉइडचा, म्हणजे जखमेबाहेर वाढत जाणाऱ्या व्रणाच्या गाठीचा, संशय घ्यावा लागतो, आणि मग लवकर दाखवा.

घरी करण्यासारखं म्हणजे सिलिकॉनची जेल किंवा पट्टी. पट्टी असेल तर दिवसाचे 12 तास तरी, निदान तीन महिने. मध्येच सोडली तर फायदा दिसत नाही, आणि बहुतेक मंडळी पंधराव्या दिवशी सोडतात. आईचं खोबरेलही चालेल, फक्त घासू नका. बोटाने हलका दाब देत मालिश करा. एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन लावा, नाहीतर आपल्या रंगाच्या कातडीवर ती रेघ काळी पडून बसते. खाज आणि उंची कमी होत नसेल तर आत ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं. लाली खूप टिकली तर लेझरचा उपयोग होतो, पण ते आपल्या त्वचेवर सरावलेल्या हातानेच करून घ्या.

प्रश्न : मुरमं गेली, पण डाग आणि खड्डे राहिले. लिंबू लावू का?
*— अलकापुरी, वडोदरा*

उत्तर : नको गं. लिंबाने उन्हात भाजतं आणि आणखी काळं पडतं. डाग आणि खड्डे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता काळा डाग काही महिन्यांत फिकट होतो, खड्डा आपणहून भरत नाही. आरशासमोर बाजूने दिवा धर. जिथे सावली पडते तो खड्डा. तो खोल आणि बारीक आहे, की रुंद आणि उथळ, यावर बारीक सुया टोचणं, आम्ल लावणं, खड्ड्याला आतून ओढून धरणारे तंतू मोकळे करणं की लेझर, हे ठरतं. आणि मुरमं खरोखर थांबल्यावरच सुरुवात करायची.

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी आजेसासूबाईंच्या बुगड्या काढल्या. तिने कानाच्या वरच्या पाळीला टोचून घेतलं. तिथे आता वाटाण्याएवढी गाठ आली आहे, टणक, गुलाबी आणि दिवसेंदिवस वाढणारी. सोनाराकडे गेलो तर ‘कापून टाका’ म्हणाला. लग्न जवळ आलं आहे. काय करू?
*— वाडी, वडोदरा*

उत्तर : काकू, नुसती कापून घेऊ नका. टोचलेल्या भोकापेक्षा मोठी होऊन वाढत जाणारी अशी गाठ बहुतेक वेळा कीलॉइड असते. एकटी शस्त्रक्रिया केली तर 45 ते 100 टक्के वेळा ती परत येते, आणि कधी पहिल्यापेक्षा मोठी. घरात कुणाच्या छातीवर, खांद्यावर किंवा कानावर अशी गाठ आहे का, हे आधी विचारा, कारण ही प्रवृत्ती कुटुंबात चालते. गाठ लाल, गरम असेल आणि पू असेल तर मात्र तो जंतुसंसर्ग. त्यासाठी वेळ न घालवता दाखवा, कारण वरच्या पाळीतली कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारा लवचीक भाग, लवकर खराब होते.

कीलॉइड लहान असताना गाठीच्या आत स्टिरॉइडची इंजेक्शनं देतो, तीन ते सहा आठवड्यांच्या अंतराने. काही वेळा सोबत 5-फ्लुरोयुरासिल हे पेशींची वाढ रोखणारं औषध घालतो. इंजेक्शन दुखतं, ते आधीच सांगते. जागा थोडी पांढरट किंवा खोलगट होऊ शकते, मासिक पाळी थोडी पुढे-मागे होऊ शकते. मुलगी गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गाठ मोठी असेल तर शस्त्रक्रिया आणि लगेच पुढे इंजेक्शनं, शिवाय दाब देणारा कर्णफुलासारखा चाप रोज 12 तासांहून जास्त, निदान सहा महिने. तेवढी तयारी नसेल तर शस्त्रक्रियेला हात लावू नका.

लग्न जवळ आलं आहे, त्यामुळे या वेळी फक्त इंजेक्शनं सुरू करा. सुरुवातीचे परिणाम म्हणजे खाज कमी होणं आणि गाठ मऊ पडणं. लग्नापर्यंत ती पूर्ण बसेलच असं नाही. दुसऱ्या कानाला टोचू नका, आणि हळद-तुपाचे लेप लावत बसू नका. आजेसासूबाईंच्या बुगड्या मुलीला घालायच्याच असतील तर सोनाराकडून चाप बसवून घ्या. एक बुगडी चांगल्या कानाला, आणि दुखऱ्या कानाकडे केसांत गजरा माळून घ्या.