गोगलगायीच्या उंचीवरून टेकडी

टेकडीवर गोगलगायी कुठे सापडतात आणि कुठे नाहीत, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या पाच प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : टेकडीच्या एका अंगाला दगड उचलला की गोगलगायी, दुसऱ्या अंगाला तासभर शोधून नुसते रिकामे शंख. उंची तीच, पाऊस तोच. असं का?

पाऊस तोच पडतो, पण ओल तेवढाच वेळ टिकत नाही. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर ऊन जास्त थेट पडतं, तर उत्तर अंगाला पहाटेचं दव शेवाळात बराच वेळ मुरून राहतं. दक्षिण गोलार्धात याच्या उलट. गोगलगाय सरकते ती स्वतःच्या अंगातला चिकट द्राव पसरत. म्हणजे तिचं एकेक पाऊल पाणी खर्चूनच पडतं. त्यामुळे वर्षभरात पाऊस किती झाला यापेक्षा जमिनीलगतची हवा रोज किती तास दमट असते, हे तिच्या दृष्टीने मोलाचं.

कोरड्या अंगाला ती लगेच मरते असं मात्र नाही. शंखाच्या तोंडावर पातळ पापुद्रा धरून झोपी जाते. ब्रिटिश म्युझियममध्ये १८४६ साली इजिप्तमधल्या एका वाळवंटी गोगलगायीचा शंख रिकामा समजून पुठ्ठ्यावर चिकटवला होता. १८५० मध्ये ती जिवंत निघाली! पण झोपेत ना खाणं, ना वाढ, ना अंडी. तग धरणं वेगळं आणि वस्ती वाढवणं वेगळं.

रिकाम्या शंखांवरून अंदाज बांधताना जपून. चुनखडीच्या कोरड्या उतारावर ते वर्षानुवर्षं टिकतात, आम्लधर्मी ओल्या पाचोळ्यात लवकर विरघळतात. शिवाय पावसाच्या लोंढ्याबरोबर पायथ्याला जमा होतात ते वेगळेच. म्हणून मी जिवंत आणि रिकामे यांची मोजणी कधीच एकत्र करत नाही.

प्रश्न : भर दुपारी पांढऱ्या गोगलगायी गवताच्या काड्यांवर घोसाने चिकटलेल्या दिसल्या. सावली सोडून उन्हात का?

खाली गारवा असेल हा आपला समज, कारण आपण उभ्याने विचार करतो. हात मातीवर टेकवा, मग वीतभर वर धरा. उन्हाळ्यात उघड्या मातीला चिकटून असलेली हवा सर्वांत तापलेली असते. काडीवर वाराही लागतो. भूमध्य सागराच्या किनाऱ्यांवरची थेबा पिसाना ही गोगलगाय यासाठीच वर चढते.

पांढरा रंगही कामाचा, तो बरंचसं ऊन परतवतो. इस्रायलमधल्या नेगेव्हच्या वाळवंटात शास्त्रज्ञांनी जमिनीचं तापमान ६५ अंश सेल्सिअस मोजलं. तिथली गोगलगाय ५५ अंशांपर्यंत तापली तर मरते. तरीही ती उघड्यावर जिवंत होती, कारण अंग आक्रसून ती वरच्या वेटोळ्यांत बसते आणि खालच्या मोठ्या वेटोळ्यात राहिलेली हवा जमिनीची धग अडवते.

प्रश्न : झाडी जितकी दाट, तितक्या गोगलगायी जास्त, हे खरं ना? मग पाइनखाली जवळजवळ काहीच का मिळालं नाही?

सावली हा अर्धाच भाग. शंख बांधायला कॅल्शियम लागतं आणि चुनखडी नसलेल्या टेकडीवर ते मुख्यतः गळलेल्या पानांतून मिळतं. पाइनच्या सुयांत ते कमी, शिवाय त्यांचा थर आम्लधर्मी. गंमत अशी, की नुसतं कॅल्शियम असून भागत नाही, ते कोणत्या रूपात आहे हेही बघावं लागतं. अ‍ॅश, लिंडन, मेपल या थंड प्रदेशांतल्या झाडांच्या पानांत त्याचा बराच भाग सायट्रेट या क्षाराच्या रूपात असतो, तो गोगलगायीला वापरता येतो. ओक आणि बीचच्या पानांत ते मुख्यतः ऑक्झलेट या दुसऱ्या क्षारात अडकलेलं, ते सहजी सुटत नाही. म्हणजे दोन झाडांची सावली सारखीच गार, पण एकाखाली भरलं ताट आणि दुसऱ्याखाली कुलूपबंद कोठार. ओकच्या रानात मधेच एखादा अ‍ॅश असेल, तर मी पहिल्यांदा त्याच्या बुंध्याशी बसतो.

प्रश्न : उतारावरची झुडपं साफ केली तर?

रानातल्या, सावलीतल्या जाती हटतील, उघड्या गवतातल्या येतील. एवढं तरी करा : पडलेली ओंडकी उचलू नका. कुजत्या ओंडक्याखाली भोवतालचं सगळं वाळल्यावरही ओल असते.

प्रश्न : घरच्या साधनांनी काही मोजता येईल?

येईल. थर्मामीटर छातीच्या उंचीवर नको, पाचोळ्याच्या आत ठेवा आणि दोन्ही उतारांवर एकाच वेळी वाचा. मग ठरावीक चौकटीतला पाचोळा पिशवीत भरून आणा, वाळवा, चाळा आणि चाळणीखाली पडलेलं पांढऱ्या ताटलीत भिंगाखाली पसरा. कित्येक जाती पाच मिलिमीटरपेक्षा लहान असतात. चालता चालता त्या दिसणारच नाहीत, आणि डोळ्यांना दिसतात तेवढ्याच मोजल्या तर टेकडीची ओळख मोठ्या शंखवाल्यांपुरतीच होईल.