गच्चीवरची पार्टी आणि शेजारची गल्ली

प्रश्न : आमची वसाहत जळगावातील एका महाविद्यालयाच्या मागे आहे. शेजारच्या रो-हाऊसचे मालक पुण्यास राहतात आणि त्यांनी ते घर सहा विद्यार्थ्यांना भाड्याने दिले आहे. फ्रेशर्स, वाढदिवस, परीक्षा संपली, अशा कोणत्याही निमित्ताने गच्चीवर स्पीकर लागतो, तो रात्री दीड वाजेपर्यंत. मागच्या शनिवारी सासूबाई पहाटेपर्यंत खाटेवर बसून होत्या, आणि सकाळी आमच्या ओट्यावर बाटल्या व खरकट्या पत्रावळी पडलेल्या होत्या. ज्या महाविद्यालयात मी स्वतः शिकले, त्याचे नाव निघाले की आता गल्ली नाक मुरडते. तक्रार केली तर मुलांच्या शिक्षणाचे नुकसान होईल, अशी भीती वाटते. काय करावे?
– एक वाचक भगिनी

उत्तर : खान्देशात पार्टी या शब्दाला कोणी दचकत नाही. हिवाळ्यात शेतावर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत पार्टी करणारे आपणच; मात्र तिथे शेजारी असते ती तूर आणि केळी, त्यामुळे कितीही आरडाओरडा झाला तरी कुणाची झोप मोडत नाही. म्हणून आपली तक्रार वेळ आणि आवाज एवढ्यापुरतीच ठेवावी. मुलांचे संस्कार, त्यांच्याकडे कोण येते, बाटल्यांत काय होते, हे विषय एकदा निघाले की भांडण चारित्र्यावर जाते आणि स्पीकर वाजतच राहतो.

वेळेच्या बाबतीत कायदा स्पष्टपणे आपल्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागेत ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, आणि घराची गच्ची ही उघडीच जागा होय. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; दोन माणसे समोरासमोर बसून नेहमीच्या सुरात बोलतात तो आवाजही साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतो, यावरून रात्रीची मर्यादा किती खाली आहे हे लक्षात येईल.

तरीही पहिले पाऊल पोलिसांकडे टाकू नये. घरमालकांना फोन करून तारीख व वेळ सांगावी. दूर राहणाऱ्या मालकाला भाडे वेळेवर मिळत असते, बाकीचे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. दुसरे, मुलांशी दिवसा बोलावे. रात्री एक वाजता दारात उभे राहून बोललेले शब्द मित्रांसमोर अपमानासारखे लागतात. एवढे करूनही आवाज थांबला नाही, तर ११२ वर फोन करण्यास संकोच नको. पोलिसांनी येऊन स्पीकर बंद करवला म्हणजे कुणाचे शिक्षण संपत नाही.

महाविद्यालयाचे काय? आवाराबाहेरच्या खासगी गच्चीवर प्राचार्यांचा हुकूम चालत नाही, हे खरे. परंतु एका अर्जाची दखल घ्यायला त्यांनाही कारण आहे. जळगाव आणि धुळे (नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते) या जिल्ह्यांसाठी १९९० मध्ये जळगावात विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. त्या जिल्ह्यांतल्या खेड्यांतून येणाऱ्या प्रत्येकाला वसतिगृहात जागा मिळतेच असे नाही. मग तो खोली शोधत अशाच गल्ल्यांत फिरतो, आणि 'त्या कॉलेजचा' असे कळताच दार बंद होते. सहा जणांच्या रात्रीची किंमत पुढच्या वर्षी नवापूरहून आलेला सातवा मोजतो. अर्जात कुणाची नावे न देता एवढेच लिहावे, आणि प्रवेशाच्या वेळी बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना दहाच्या वेळेची समज द्यावी, अशी विनंती करावी. माजी विद्यार्थिनी म्हणून आपल्या सहीला तिथे वजन राहील.

ओट्यावरच्या बाटल्या मात्र स्वतः उचलू नका. सकाळी नऊला त्यांचे दार वाजवा आणि झाडू हातात द्या.