दिव्यांगांच्या नावावर सवलतीत गाडी घ्यायची आणि घरातल्या धडधाकट माणसांनी फिरवायची, हे सर्रास चालतं. मग ही सवलत बंद का करू नये?

प्रश्नाखाली तुम्ही ब्रिटनमधल्या ‘फुकटात बीएमडब्ल्यू’ देणाऱ्या योजनेचा उल्लेख केलाय आणि लिहिलंय, की तुमच्या सोसायटीत एकाने आईच्या प्रमाणपत्रावर गाडी घेतली, आई असते गावाला आणि गाडी मुलगा रोज ऑफिसला नेतो. असं घडतं, आणि मी ते जवळून पाहिलंय. मला लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपर आहे, हँड कंट्रोल (हाताने चालवायचे ब्रेक-अॅक्सिलरेटर) लावलेली गाडी मी स्वतः चालवतो आणि आमच्या भागातल्या अपंगांना अर्ज भरायला मदत करतो. त्यामुळे तुमचा राग मला परका नाही. पण ‘बंद करा’ हे मला पटत नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे या सवलतीत सरकार कुणाला गाडी देत नव्हतं. जीएसटीत एक सवलत होती. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अस्थिव्यंग असलेल्या माणसाने चार मीटरपर्यंत लांबीची, पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंतची आणि डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंतची गाडी घेतली, तर 28 टक्क्यांऐवजी 18 टक्के कर लागायचा आणि वरचा सेस माफ व्हायचा. अशा छोट्या पेट्रोल गाडीवर सेस 1 टक्का होता, डिझेलवर 3. म्हणजे फायदा 11 ते 13 टक्क्यांचा. करापूर्वी सहा लाखांच्या पेट्रोल गाडीमागे साधारण 66 हजार रुपये. बाकीचे सात लाखांहून जास्त ज्याचे त्यानेच उभे करायचे.

आता गैरवापर कुठून होतो ते बघा. ही सवलत देणाऱ्या सरकारी अधिसूचनेत मुख्य अटी दोन होत्या. अवजड उद्योग मंत्रालयातल्या, उपसचिवाच्या खाली नसलेल्या अधिकाऱ्याचा दाखला, आणि ‘ही गाडी पाच वर्षं विकणार नाही’ असं खरेदीदाराचं प्रतिज्ञापत्र. गाडीत कोण बसतं, ती कुठे उभी असते, अपंग माणूस त्याच घरात राहतो का, याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. म्हणजे कागद तपासला जायचा, विक्री अडवली जायची आणि ज्या प्रवासासाठी हे सगळं केलं त्या प्रवासाकडे कुणीच बघायचं नाही. तुमचा शेजारी याच फटीतून आत शिरला.

आणि ती फट लोकांना दाखवणारेही होते. एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर मी शोरूममध्ये गेलो होतो. गाडी त्यांना घ्यायची होती, मी नुसता सोबत. मॉडेल ठरलं, रंग ठरला, आणि हिशेबाचा कागद पुढे करताना सेल्समनने अगदी सहज विचारलं, “घरात कुणाचं हँडिकॅप सर्टिफिकेट आहे का? आजोबांचं असलं तरी चालेल. पेपर आपला माणूस करून देतो.” एक्सचेंज बोनस, कॉर्पोरेट डिस्काउंट आणि अपंगाचं सर्टिफिकेट, सगळं एकाच दमात. माझ्या कुबडीकडे त्याचं लक्षही नव्हतं. ज्यांना तो विचारत होता त्यांचे आजोबा तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. दवाखान्यात न्यायचं तर अॅम्ब्युलन्सच लागायची, तिथे या गाडीचा काय उपयोग? त्या कुटुंबाने नाही म्हटलं, याचं मला आजही कौतुक आहे. सगळेच नाही म्हणत नाहीत.

पण घरातला दुसरा माणूस गाडी चालवतो म्हणजे गैरवापर, असं मात्र समजू नका. तिथे भल्याभल्यांची गल्लत होते. मोटार वाहन कायद्यात 2019 साली अपंगांसाठी बदल केलेल्या वाहनाची व्याख्या आली. त्यात ते वाहन फक्त त्या व्यक्तीने ‘किंवा त्या व्यक्तीसाठी’ वापरायचं आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला तिचा बाप थेरपीला सोडतो, ती आत असताना दीड तास बाहेर थांबतो, येताना भाजी घेतो. यात खोट काढणाऱ्याला त्या बापाचा दिवस ठाऊक नाही. मुलगी थेरपीत असताना तो गाडी घेऊन बँकेत जाऊन आला, तरी माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती गाडी पुण्यात, सर्टिफिकेटवाली काकू संगमनेरजवळच्या गावात, आणि काकूला दवाखान्यात जायला एसटीच, या प्रकाराला.

चोरीपेक्षा मला जास्त सलतो तो या योजनेच्या आखणीतला अन्याय. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून थोडं लांबवतो.

सवलत टक्क्यात होती आणि उत्पन्नाची अट नव्हती. त्यामुळे करापूर्वी पाच लाखांची गाडी घेणाऱ्या शिक्षकाला 55 हजार मिळाले आणि दहा लाखांचं टॉप मॉडेल घेणाऱ्याला एक लाख दहा हजार. ज्याच्याकडे गाडी घ्यायची ऐपतच नाही, त्याला शून्य. अंध माणूसही या सवलतीत नव्हता, कारण ती फक्त अस्थिव्यंगाला. स्वमग्न मुलाच्या आईलाही नाही. गर्दीच्या बसमध्ये ते पोर कानांवर हात दाबून किंचाळायला लागलं, की लोक तिच्याकडे कसे बघतात ते आठवा. गाडीची गरज तिला माझ्यापेक्षा कमी आहे का?

शिवाय 40 टक्के हा आकडा अवयवाचा असतो, प्रवासाचा नसतो. हाताला व्यंग असलेला माणूस लोकलचं दार पकडून रोज कामाला जातो. त्याचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण मणक्याला मार लागून कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाचा प्रवास पूर्ण वेगळा असतो, आणि सवलतीच्या हिशेबात दोघे सारखेच.

अशाच एका तरुणाची गोष्ट सांगतो. बाइकच्या अपघातात त्याचा मणका गेला. आधी व्हीलचेअर दाराला चिकटवून उभी करायची, ब्रेक लावायचे, चेअर आणि सीट यांच्यात गुळगुळीत फळी टाकायची, दोन्ही हातांवर शरीर उचलत त्या फळीवरून सीटवर सरकायचं, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. एवढं तो एकटा करतो. अडतं ते व्हीलचेअरपाशी. छोट्या हॅचबॅकची डिकी मुळात लहान. पेट्रोल परवडत नाही म्हणून सीएनजी घ्यावी, तर टाकी नेमकी डिकीत बसते आणि घडी केलेली चेअरही मावत नाही. मागच्या सीटवर टाकली तर बायको-मुलांनी बसायचं कुठे? त्याला खरी गरज मोठ्या डिकीच्या किंवा सरकत्या दाराच्या, प्रशस्त गाडीची. अशा बहुतेक गाड्यांची लांबी चार मीटरच्या पुढे, म्हणजे सवलत नाही. सर्वात जास्त अडलेल्या माणसालाच नियमाने बाहेर ठेवलं. उलट घरात सर्टिफिकेट असलं तर चार मीटरच्या आत बसवलेली चकचकीत छोटी एसयूव्ही कुणालाही घेता आली.

हँड कंट्रोलचंही तसंच. माझ्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली एक दांडा आहे. पुढे ढकलला की ब्रेक, स्वतःकडे ओढला की अॅक्सिलरेटर. असा किट मान्यताप्राप्त असावा लागतो, बसवल्यावर आरटीओत तपासणी होते, आरसीवर नोंद होते, आणि लायसन्सही त्याच गाडीच्या प्रकारापुरतं मिळतं. करातली सवलत गाडीच्या किमतीवर होती. किट बसवायचा खर्च खिशातून. अपंगत्वामुळे येणारा खर्च खरं तर हाच.

गैरवापराची चर्चा पेटली की त्याचा भुर्दंड कुणाला पडतो तेही पाहा. 2024 मध्ये प्रशिक्षणार्थी आयएएस पूजा खेडकर यांच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं प्रकरण गाजलं आणि प्रत्येक प्रमाणपत्राकडे संशयाने बघायची सवय लागली. खोटी प्रमाणपत्रं शोधलीच पाहिजेत, दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 91 मध्ये खोटेपणाने लाभ लाटणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. पण प्रत्यक्षात ज्याचा पाय सगळ्यांना दिसतो, त्यालाच पुन्हा सिव्हिलला बोलावलं जातं. फेरतपासणीच्या रांगेत मी पासष्टीच्या एका बाईंना भिंतीला टेकून उभं राहिलेलं पाहिलंय. त्यांचा पाय गुडघ्याखाली नाही. तो पुन्हा उगवला का, हे तपासायला त्यांना तालुक्याहून जिल्ह्याला आणलं होतं. खोटं प्रमाणपत्र काढणाऱ्याकडे एजंट असतो, ओळख असते, स्वतःची गाडी असते. तो या रांगेत नसतोच.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल सांगायचं तर, ‘बंद करा’ म्हणायची वेळ निघून गेली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून याच आकाराच्या छोट्या गाड्यांवर सगळ्यांनाच 18 टक्के जीएसटी आहे आणि सेसही गेला. म्हणजे अपंगाला मिळणारा दर आणि तुम्हाला मिळणारा दर एकच. चार मीटरच्या वरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना 40 टक्के, आणि तिथे त्या व्हीलचेअरवाल्या तरुणाला आजही काही नाही. गाड्या स्वस्त झाल्याचा आनंद मलाही आहे. पण अपंगाच्या गाडीच्या जीएसटीतला जो काही थोडा भार सरकार उचलत होतं तो या फेरबदलात संपला, आणि त्याच्या जागी काय, हे विचारायलाही फार कुणी पुढे आलं नाही.

‘फुकटात बीएमडब्ल्यू’ म्हणून ब्रिटनच्या ज्या योजनेचा उल्लेख तुम्ही केलाय, ती मोटॅबिलिटी. तिच्यापासून दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखं आहे. तिथे पूर्वी सरकार अपंगांना फिक्या निळ्या रंगाची, एका माणसाची तीनचाकी द्यायचं. आईने ती चालवली तर लेकराला शेजारी बसवायला जागा नाही. 1977 साली मोटॅबिलिटी सुरू झाली. हालचालीसाठीचा जो वरच्या दराचा भत्ता अपंग व्यक्तीला मिळतो, तोच भत्ता देऊन ती गाडी भाड्याने घेते. मुदत साधारण तीन वर्षं, आणि विमा, दुरुस्ती, टायर सगळं त्यातच. महाग गाडी हवी तर वरचे पैसे स्वतः भरायचे. ती ‘फुकट’ बीएमडब्ल्यू अशी यायची. स्वतः चालवता येत नसेल तर दुसऱ्या चालकांची नावं नोंदवायची, पण गाडी त्या अपंग व्यक्तीच्या कामासाठीच. तरीही तिथे ओरड झाली, नोव्हेंबर 2025 मध्ये बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी यांसारख्या गाड्या यादीतून काढल्या, आणि करसवलतीतही कपात जाहीर झाली. पण भत्ता राहिला. तो माणसाला मिळतो, गाडीला नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गाडी नको असेल तर तो त्याच पैशांतून टॅक्सी करू शकतो.

आपल्याकडेही मला तेच हवं. ज्याला गरज आहे त्याला ठरावीक रक्कम द्या, गाडीच्या किमतीच्या टक्क्यात देऊ नका. ती ठरवताना ‘पाय किती टक्के’ याऐवजी ‘घरातून बसस्टॉपपर्यंत जाता येतं का, बसमध्ये चढता येतं का’ हे विचारा. अंध माणसाला ती रिक्षाच्या भाड्यासाठी वापरू द्या. कुणी त्यातून हँड कंट्रोल बसवेल, कुणी रॅम्प. आणि गाडीच घेतली, तर आरसीवरची नोंद वापरा. 2020 पासून नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ असा रकाना आहे, जीएसटी सवलत घेतली की नाही हेही त्यात येतं. ही नोंद यूडीआयडी कार्डाशी, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राशी जोडली, तर गाडी एका शहरात आणि माणूस दुसऱ्या जिल्ह्यात, हे टेबलावर बसून कळेल. त्यासाठी पाय नसलेल्या बाईला रांगेत उभं करायची गरज पडणार नाही.

राहिला तुमचा शेजारी. काचेवरच्या व्हीलचेअरच्या स्टिकरवरून निष्कर्ष काढू नका, तो कुठल्याही सिग्नलला विकत मिळतो. आईंबद्दल आधी साधी चौकशी करा. कदाचित त्या महिन्यातून एकदा तपासणीला याच गाडीने येत असतील. तसं काही नसेल आणि तुम्हाला खात्री असेल, तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला आणि गाडी जिथे नोंदली आहे त्या आरटीओला लेखी कळवा. गाडीचा नंबर लिहा, ती रोज कोण आणि कशासाठी वापरतं तेवढंच लिहा. त्या बाईंच्या अपंगत्वावर शंका घेऊ नका. बहुतेक ते खरंच असेल, आणि त्यांच्या नावावर गाडी घेतलेली आहे हे कदाचित त्यांना कुणी सांगितलंही नसेल.