‘कोप अप विथ’ चालेल का?

ब्रिटनमधल्या विद्यापीठाच्या अर्जात तुम्ही लिहिलंय, ‘आय कुड कोप अप विथ द प्रेशर ऑफ फायनल इयर.’ सर म्हणतात ‘अप’ नको, पण गूगलवर मात्र तो ढिगानं सापडतो. सरांचं बरोबर आहे. ‘अप’ काढा.

गूगल दाखवतं तो आकडा अंदाजे असतो, शिवाय आपल्यासारख्यांनीच लिहिलेली पानंही त्यात आली. आधी केंब्रिज किंवा लाँगमनचा, शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. नुसता अर्थ वाचून बंद करू नका, खालची उदाहरणवाक्यं बघा. तिथे नुसतं ‘कोप’ किंवा ‘कोप विथ’ मिळेल, ‘अप’ नाही. आपल्याकडचा ‘अप’ बहुधा ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’ यांच्या संगतीनं चिकटलाय.

शब्दकोशानं समाधान झालं नाही तर ‘कॉर्पस ऑफ ग्लोबल वेब-बेस्ड इंग्लिश’ बघा. नाव बोजड असलं तरी चीज कामाची आहे. २० देशांतल्या वेबपानांवरचे सुमारे १९० कोटी शब्द, आणि प्रत्येक देशाचा रकाना वेगळा. ‘कोप अप विथ’ टाकलंत की ते मुख्यतः भारत, पाकिस्तान, बांगलादेश या रकान्यांत दिसेल. ब्रिटन-अमेरिकेत अगदी तुरळक. शेजारी ‘कोप विथ’ही शोधा, नाहीतर नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही. छापील पुस्तकांत एखादा शब्दप्रयोग किती येतो ते बघायला गूगलचं एनग्रॅम आहे. त्यात ब्रिटिश पुस्तकं वेगळी निवडता येतात, पण एका शब्दप्रयोगात जास्तीत जास्त पाचच शब्द चालतात. अख्खं वाक्य टाकून ‘काहीच सापडलं नाही’ म्हणू नका.

आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या ‘डू द नीडफुल’ची (‘आवश्यक ते करा’) गोष्ट वेगळी. ते व्याकरणात चुकीचं नाही, इंग्रजही पूर्वी लिहायचे. आज तिकडे जुनाट वाटतं, इतकंच. पुण्यातल्या ऑफिसच्या मेलमध्ये खुशाल लिहा, या अर्जात नको.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला ‘अप’पेक्षा जास्त खटकलेलं : ‘कुड’. पूर्वी अंगात असलेली क्षमता सांगायला ‘कुड’ ठीक, जसं ‘लहानपणी मला पोहता यायचं’. एखादी गोष्ट प्रत्यक्ष निभावून नेली असेल तर ‘मॅनेज्ड टू’ किंवा सरळ भूतकाळ. तुमच्या वाक्यात ‘कुड’मुळे निभावलंत की निभावू शकला असतात, हेच नीट कळत नाही. ‘आय कोप्ड विथ द प्रेशर ऑफ माय फायनल इयर’ लिहा. ‘माय’ विसरू नका. आणि पुढच्याच वाक्यात ते कसं जमवलंत ते सांगा, वाचणाऱ्याला तेच हवं असतं.